ध अलीकडे, घ पलीकडे

"मांडवात कोणती लेक उभी करू, ते आता तुम्हीच सांगा," असं म्हणत तात्या देशमान्यांनी लग्नपत्रिकांचा गठ्ठा शेठच्या टेबलावर ठेवला. आपटला नाही, ठेवला. माणूस ओरडत असता तर बरं वाटलं असतं.

शेठनी वरची पत्रिका उचलली, वाचली, चष्मा कपाळावर सारून पुन्हा वाचली.

"काय झालंय? तारीख बरोबर आहे. मुहूर्त बरोबर आहे."

"नवरीचं नाव वाचा."

"चि. सौ. कां. मेधा."

"मोठीचं नाव मेघा. धाकटी मेधा. लग्न मोठीचं आहे. धाकटी अजून नववीत आहे, काल पत्रिका बघून रडायला लागली, म्हणाली मला विचारलं पण नाही. आणि व्याह्यांचा निरोप आलाय, आम्ही पोहे खाल्ले ते कुणाच्या हातचे?"

मी कोपऱ्यात पावतीपुस्तकांना दोरा घालत बसले होते. हसू आलं, पण शेठचा चेहरा बघून ते जिथल्या तिथं गिळलं.

"दस्तगीरभाई, इकडं या."

आमचे जुळारी, म्हणजे छपाईची अक्षरं जुळवणारे, दस्तगीर तांबोळी आतल्या खोलीतून आले. अक्षरांच्या केसच्या लाकडी कडेला बोटं लावत, मग भिंतीला, मग टेबलाच्या काठाला. शेठनी पत्रिका त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती धरली आणि मान खाली घातली.

"एक अक्षर चुकलं, शेठ."

"एक? गेल्या महिन्यात पतपेढीच्या पत्रकात सुवर्णसंधीची सुवर्णसंघी झाली. तालमीच्या हँडबिलात भरघोस बक्षिसं भरधोस झाली, पोरं अजून ओरडतात रस्त्यानं. जाधवांच्या आजीचं निघन झालं. आणि घन्यवाद तर मी मोजायचाच सोडलाय. बावीस वर्षांत तुमची चूक शोधायला मला भिंग लागायचं. आता गिऱ्हाईकच दाखवायला येतं."

दस्तगीरभाईंनी पत्रिका परत टेबलावर ठेवली. मी त्यांना मामा म्हणायची.

"सोमवारी दुपारच्या गाडीनं सोलापूरचा माणूस येतोय. तुम्ही उद्याचा शनिवार करा आणि घरी आराम करा. खूप झालं तुमचं."

"ही पत्रिका तेवढी पुन्हा जुळवून देतो."

"तो जुळवेल."

तात्या अवघडून उठले. "अहो, मी माणूस काढा म्हणायला आलो नव्हतो."

"तुम्ही बसा," शेठ म्हणाले.

मामा आत गेले. बोटं पुन्हा टेबलाच्या काठाला, भिंतीला, केसच्या कडेला.

ही गोष्ट बार्शीची, मी अठरा वर्षांची असतानाची. गुळव्यांचं मुद्रणालय धान्यबाजाराच्या पाठीमागं होतं. दिवसभर तुरीच्या डाळीचा वास यायचा आणि त्यात शाईचा मिसळायचा. माझी आई डाळमिलमध्ये पाखडायला जायची. सूप हातात आलं की तिच्या तोंडात ओवी यायची. सुपाचा एक झोका म्हणजे अर्धी ओळ. मला बोलता यायच्या आधी ओव्या यायला लागल्या असं ती सांगायची. दहावी झाल्यावर मी छापखान्यात लागले, कागद दुमडायला, दोरा घालायला आणि छपाई झाली की खिळे सोडायला.

खिळे सोडणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. तेव्हा एकेक अक्षर शिशाचं असायचं, त्यालाच खिळा म्हणायचे. जुळारी केससमोर उभा राहायचा. केस म्हणजे लाकडाची मोठी उतरती पेटी, तिला सव्वाशेच्या वर घरं. एका घरात सगळे क, एकात सगळे त, एकात नुसत्या वेलांट्या. जुळारी एकेक खिळा उचलून ओळ लावायचा. छपाई झाली की त्या ओळी मोडायच्या आणि प्रत्येक खिळा पुन्हा आपल्या घरी पोचवायचा. जुळवणारा घराकडं बघत नाही. त्याचा हात जातो. त्यामुळं सोडणारीनं नीट सोडलं तरच जुळवणाऱ्याचं काम खरं.

पहिल्या दिवशी मामांनी मला सगळी घरं एकदा दाखवली. बाराखडीच्या क्रमानं काहीच नव्हतं. फार लागणारी अक्षरं हाताशी, कमी लागणारी कोपऱ्यात.

"पाठ कर. बघून टाकशील तर दिवस पुरायचा नाही."

"पाठ कसं करू, मामा? याला आगा ना पिछा."

"तुझं तू बघ. मी तर मार खाऊन केलंय."

मग मी माझं बघितलं. घरी जाऊन आईच्या सुपाच्या तालावर घरांच्या ओव्या केल्या. कुणाला सांगितल्या नाहीत, लाज वाटायची.

*र माझा हाताशी गं, त त्याच्या मांडीला*
*ढ बाई रुसून, बसली दांडीला*

अशा एकेचाळीस ओव्या झाल्या. त्या ओठातल्या ओठात म्हणत मी खिळे सोडायला लागले आणि पंधरा दिवसांत माझा हात असा चालायला लागला की शेठ उभे राहून बघायचे. मी घरांकडं बघत नव्हते. त्याचा मला फार गर्व होता.

दुसरं काम मामांनीच माझ्या मागं लावलं. गिऱ्हाईकानं लिहून आणलेला मजकूर मी मोठ्यानं वाचायचा आणि त्यांनी जुळवायचा. "वाचलं की जीभ वळते," म्हणायचे. आणि काय काय लिहून आणायची माणसं. एका मंडळानं सगळ्या वर्गणीदारांना 'आर्थिक शुभेच्छा' दिल्या होत्या. एका हॉटेलवाल्यानं 'स्वच्छतेचे पालन' ऐवजी 'स्वच्छतेचे पलायन' लिहिलं होतं. एकानं तर वडिलांच्या वर्षश्राद्धाला 'अगत्य येऊन शोक वाढवावी' असं लिहिलं. मी हसत वाचायची, मामा न हसता नीट करून जुळवायचे.

"जसं लिहिलंय तसं नको का लावायला?"

"माणसाला काय म्हणायचंय ते लावायचं. त्याचा हात चुकतो, मन चुकत नाही."

असा माणूस आणि त्याच्या जुळणीत घन्यवाद. गावाला गंमत वाटायची, मला आत कुठं तरी टोचायचं. आज सांगताना वाटतं, दोनच अक्षरांचा तो खेळ कुणाच्या लक्षात कसा आला नाही. पण हसताना माणूस मोजत नाही. आणि कधी धन्यवाद बरोबरही यायचा, त्यामुळं पत्ता लागायचा नाही.

शनिवारी सकाळी मामा नेहमीच्या वेळेला आले. डबा खुंटीला लावला. जुळवायला काही दिलेलंच नव्हतं, म्हणून माझ्याजवळ स्टुलावर बसले. मी देशमान्यांच्या पत्रिकेचा मजकूर मोडून खिळे सोडत होते.

"मामा, घरी बसून काय करणार?"

"बघू. हातांना विचारतो." त्यांनी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले. बोटांची टोकं शिशानं काळीभोर झाली होती, ती कधीच उजळत नसत. "मी बसेन. हे बसायचे नाहीत."

मी खिळे सोडत राहिले. ओठ चालू होते.

"काय पुटपुटतेस गं रोज?"

"काही नाही."

"आज शेवटचा दिवस आहे माझा. आज सांग."

मग मी सांगितलं. सूप, आई, ताल, सगळं. ते इतके हसले की डोळे पुसावे लागले.

"केसच्या ओव्या केल्यास? म्हणून दाखव. गळ्यातनं म्हण."

मी म्हणायला लागले. हातानं खिळे सोडत, गळ्यानं घरं सांगत. ते मान डोलवत होते. बावीस वर्षं ज्या घरांत हात फिरला ती घरं त्यांना कुणी पहिल्यांदाच गाऊन दाखवत होतं. सत्ताविसाव्या का अठ्ठाविसाव्या ओवीला आले.

*दाराशी उभा घ गं, घरधनी शोभला*
*धाकटा दीर ध, पल्याड थांबला*

मामांची मान थांबली.

"पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटली.

"ध अलीकडं आहे, पोरी. घ पलीकडं. पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

माझा हात हवेतच राहिला. मला आठवलं. त्यांनी तसंच सांगितलं होतं. ध अलीकडे, घ पलीकडे. पण ओवी करताना धाकटा दीर दाराशी आणि घरधनी त्याच्या मागं, हे मला कसंसंच वाटलं. चालीत बसेना, रीतीतही बसेना. म्हणून मी त्यांच्या जागा बदलल्या आणि विसरून गेले. तेव्हापासून आठ महिने मी घरधन्याला दिराच्या खोलीत आणि दिराला घरधन्याच्या खोलीत घालत होते. आधीचे खरे खिळे आणि मी टाकलेले खोटे एकमेकांत मिसळले होते. मामांचा हात बिनचूक घरात जायचा आणि नशिबाला येईल ते अक्षर उचलायचा.

"मामा, हे सगळं मी केलंय."

"होय."

"मी आत्ताच शेठना सांगते." मी उठलेच.

त्यांनी माझं मनगट धरलं. घट्ट धरलं. "सांगायचं नाही."

"का? चूक माझी आहे. तुमचं काम जातंय."

"जाऊ दे. चूक माझ्या नावावर राहू दे."

"अशी कशी राहू दे?"

"गोदा, माझं ऐक. हे नको सांगूस."

मला वाटलं, माझी नोकरी जाईल म्हणून म्हणताहेत. म्हाताऱ्या माणसाची माया. मी त्यांना होय म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. संध्याकाळी निघताना त्यांच्याकडं किल्ली मागितली. छापखाना रोज तेच उघडायचे.

"कशाला?"

"घरं साफ करायची आहेत."

त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली.

रविवारी सकाळी आईला सांगितलं, जेवायला वाट बघू नको. खिडकीखाली कागद पसरला आणि दोन्ही घरं त्यावर उपडी केली. शिशाचा खिळा म्हणजे काय, जोंधळ्याहून जरा मोठा, आणि त्यावरचं अक्षर उलटं. ध ची शेंडी बघायची आणि घ चं बोडकं डोकं. एकेक डोळ्याजवळ धरायचा. ध इकडं, घ तिकडं. दुपारपर्यंत दोन्ही ढीग झाले. मग मनात आलं, चाळीस ओव्या राहिल्यात, त्यांचा काय भरवसा? एकेक घर उपडं करत गेले. मान धरली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, बोटं मामांसारखी काळी झाली. बाकीच्या ओव्या खऱ्या निघाल्या. एकट्या घरधन्याच्या मानापायी हे झालं होतं. ऊन खिडकीतून हललं तेव्हा शेवटचं घर भरलं, कुलूप लावलं, आणि तशीच मामांच्या घरी गेले. ते ओट्यावर बसले होते.

"उद्या सकाळी छापखान्यात यायचं."

"मला काढलंय, बाळ."

"दुपारची गाडी येईपर्यंत नाही काढलेलं. यायचं."

ते आले. सोमवारी दहा वाजता शेठ टेबलाशी होते, तात्या देशमाने नव्या पत्रिकेसाठी बाकावर येऊन बसले होते आणि मामा दाराजवळ उभे होते. मी शेठसमोर उभी राहून सगळं सांगितलं. ओवीसुद्धा म्हणून दाखवली. तात्यांनी तोंडावर उपरणं धरलं, हसू झाकायला.

"म्हणजे मामांची एकही चूक नाही," मी म्हटलं. "मला काढा."

शेठनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते छापखान्यातच वाढलेले होते, पंधराव्या वर्षी त्यांनीही खिळे सोडले होते.

"खिळा चुकीचा हातात आला, हे कळलं," ते सावकाश म्हणाले. "पण ओळ लावल्यावर जुळारी ती एकदा वाचतो. त्यात नाही दिसला? मग मजकूर दोऱ्यानं बांधताना? एकदा नाही, आठ महिने?"

मी मामांकडं बघितलं. ते जमिनीकडं बघत होते. बघत होते असं मला इतके दिवस वाटत होतं.

तेव्हा मला कळलं, शनिवारी त्यांनी मनगट कशासाठी धरलं होतं. चूक त्यांच्या नावावर होती तोवर ते नुसते म्हातारे होते, लक्ष नसलेले होते. मी खरं सांगितलं आणि त्यांनी आठ महिने झाकून ठेवलेलं मीच सगळ्यांसमोर उघडं पाडलं. मोठ्यानं वाच, जीभ वळते. टेबलाच्या काठाला लावलेली बोटं. हातात दिलेली पत्रिका, जी त्यांनी वाचली नव्हती, नुसती धरली होती.

"किती दिसतं, दस्तगीरभाई?" शेठनी विचारलं. आवाज खाली आला होता.

"उजेड आणि अंधार. माणूस आला की कळतं. काचबिंदू आहे. सोलापूरच्या डॉक्टरनं सांगितलं, गेलं ते येत नाही."

"मला सांगायचं."

"सांगून काय केलं असतंत?"

घड्याळ टिकटिकत होतं आणि सोलापूरची गाडी कुर्डुवाडीच्या अलीकडं कुठं तरी असेल, असं माझ्या डोक्यात येत होतं. मीच खड्डा केला होता. रडून तो बुजणार नव्हता.

"शेठ," मी म्हटलं, "आठ महिने त्यांनी न बघता जुळवलंय. दोन घरं सोडली तर एक वेलांटी चुकलेली नाही. आणि ती दोन घरं मी बिघडवली होती. काल नीट केली. आता ही पत्रिका त्यांना जुळवू द्या. तुमच्यासमोर. मी वाचते."

"आणि प्रूफ?"

"प्रूफ पण मी वाचेन. मेघाच्या पत्रिकेचं प्रूफ तुम्ही वाचलं होतं."

बाकावर तात्या खोकले. "खरं सांगायचं तर मीही वाचलं होतं. सही आहे माझी. मी फक्त माझं नाव बघितलं."

शेठनी माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं आता दार दाखवतात. मग त्यांनी तात्यांचा हातानं लिहिलेला कागद पुढं सरकवला.

"गाडी यायच्या आत."

मामा केससमोर उभे राहिले. हातात जुळणीची पट्टी घेतली. मी वाचायला लागले आणि त्यांचा हात निघाला. तो हात मी रोज बघायची, पण त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. पाखरू दाणे टिपतं तसा तो घराघरातून टिपत होता. अंगठा खिळ्याच्या खाचेवर, खाच वर की पट्टीत, की पुढचा. मी वाक्य संपवायच्या आत ओळ संपायची. मेघा आलं तेव्हा मी कागदावरून नजर उचलली. हात पलीकडच्या घरात गेला आणि परत आला. त्यांनी चेहराही हलवला नाही.

तासाभरात मजकूर बांधला. मी शाईचा रूळ फिरवला, कागद ठेवला, दाबला, उचलला. शेठनी प्रूफ घेतलं, शेजारी तात्यांचा कागद ठेवला आणि बोट लावून एकेक शब्द ताडून बघायला लागले. असं ते जन्मात वाचत नसत.

"मेघा," ते म्हणाले. पुढं गेले. बोट खाली खाली सरकत गेलं आणि तळाशी थांबलं.

"इथं फरक आहे."

मी वाकून कागद बघितला.

"तात्यांच्या कागदावर आहे, सहकुटुंब सहपरिहार अगत्य येणेचे करावे. तुम्ही जुळवलंय सहपरिवार."

"गोदानं परिहार वाचलं," मामा म्हणाले. "तिनं बरोबर वाचलं, असेल तसं. मी परिवार लावला. तात्या लग्नाला बोलावताहेत, वैद्याकडं नाही."

तात्या उठून कागद बघायला आले. "मी परिहार लिहिलंय? परिहार म्हणजे काय हो?"

"दुखणं घालवणं."

"हरकत नाही, पाव्हण्यांचं तेही केलं असतं."

शेठ हसले. मनाविरुद्ध हसावं लागलं म्हणजे माणूस जसा हसतो तसे. मग प्रूफची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"तू आजारी पडलीस तर?" त्यांनी मला विचारलं.

"नाही पडणार."

"लग्न होऊन गेलीस तर?"

"गावातलाच बघायला सांगेन आईला."

"सांगणं सोपं असतं."

"करून दाखवते, शेठ."

आणि दाखवलंही. नऊ वर्षं मी वाचलं आणि त्यांनी जुळवलं, पण तो पुढचा हिशेब त्या सकाळी कुणाला ठाऊक नव्हता.

शेठनी घड्याळाकडं बघितलं. "दुपारी तो माणूस येईल. त्याला काय सांगू?"

"चहा पाजा आणि जेवायला माझ्याकडं पाठवा," तात्या म्हणाले. "घरात पाव्हणे आहेतच."

शेठनी टेबलावरच्या चळतीतून वरचा कागद काढला, कुणाच्या तरी दुकानाच्या उद्घाटनाचा मजकूर होता, आणि माझ्या हातात दिला. एवढाच त्यांचा निकाल. मी केसजवळ गेले. खोलीत सगळे होते, तात्या, शेठ, मशीनवरचे सोपानकाका दारातून डोकावत होते, आणि माझा धीर आत्ता कुठं सुटत होता. मी तोंडातल्या तोंडात वाचायला सुरुवात केली.

मामांचा हात घरांवर थांबून राहिला.

"गोदा, मोठ्यानं वाच," ते म्हणाले. "मला दिसत नाही."

दार उघडं होतं. रस्त्यावरून माणसं जात होती. त्यांनी ते आवाज न चोरता म्हटलं, जसं कुणी आपलं नाव सांगावं तसं.

मी घसा साफ केला आणि पहिल्या शब्दापासून वाचायला लागले.